पॅच केबल जोडली की अख्खा बोर्ड बंद! (एक फझ, तीन पेडलं आणि एकच अडॅप्टर)

सहावी_तार

मंडळी, तीन दिवस डोकं खाजवतोय, आता इथेच विचारतो.

बोर्डावर गिटारचा आवाज बदलणारी चार पेडलं आहेत. फझ, ओव्हरड्राइव्ह, कोरस, डिले, याच क्रमाने. शेवटची तीन नेहमीची कंपनीची. फझ नवीन आलाय, म्हणजे मला नवीन. कुणा हौशी माणसाने घरी बनवलेला, सेकंडहँड घेतला. आत दोन जर्मेनियम ट्रान्झिस्टर आहेत, पीएनपी प्रकारचे (दुसरा प्रकार एनपीएन). सगळ्यांना मिळून ९ व्होल्ट, २ अँपियरचा एकच अडॅप्टर आणि त्याला पाच तोंडांची डेझी चेन (एकाच तारेला पाच प्लग).

होतं असं की चौघांना पॉवर दिली की चारही दिवे लागतात. गिटार फझमध्ये, फझ थेट ॲम्पमध्ये: झकास वाजतो. फझ बाजूला ठेवून बाकी तिघं एकामागोमाग जोडली: तीही उत्तम. पण फझमधून निघणारी पॅच केबल (दोन पेडलं जोडणारी छोटी तार) ओव्हरड्राइव्हमध्ये घातली रे घातली, की चारही दिवे गुल. अडॅप्टरमधून बारीक टिक... टिक... असा आवाज. केबल उपसली की सगळे पुन्हा जिवंत.

केबल बदलून पाहिली, तीन वेगवेगळ्या. फझच्या मागे ९ व्होल्ट लिहिलंय आणि गोलाच्या मध्ये वजाचं चिन्ह आहे. म्हणजे सेंटर निगेटिव्ह, बाकीच्यांसारखाच. मग यांचं वाकडं कशावरून?

पाचवा_फ्रेट

केबलच शॉर्ट असणार. माझ्याकडे अगदी असंच झालं होतं.

सहावी_तार

तीन केबली बदलल्या असं लिहिलंय की वर. त्याच केबली बाकीच्या पेडलांत छान चालतात.

फुल्ल_गेन

अरे सोपं आहे. पीएनपी म्हणजे उलटी पोलॅरिटी (अधिक-वजाची दिशा). अधिक-वजा उलटवणारी लाल तोंडाची ती छोटी रिव्हर्सल केबल मिळते ना, डेझी चेन आणि फझच्या मध्ये टाक. दोन मिनिटांचं काम. मी स्वतः वापरतो.

ओहमशांती

थांबा, थांबा, रिव्हर्सल लावू नका. फझवर सेंटर निगेटिव्ह छापलंय आणि तो एकटा नीट वाजतोय. म्हणजे त्याला हवी तीच पोलॅरिटी मिळतेय. उलटी कशाला करायची?

सहावी_तार

उशीर झाला ओहमशांती. लावली.

आता पॅच केबल न जोडताही सगळं बंद. नुसता फझचा प्लग आत गेला की चारही दिवे जातात. झाकण उघडून पाहिलं तर पॉवरच्या जॅकजवळ एक काळा, लहान नळकांड्यासारखा भाग आहे, एका टोकाला चंदेरी पट्टा. बोट लावलं तर चटका बसला.

डागडुजी

आधी फझचा प्लग काढा. काढलात? मग पुढे वाचा.

तो काळा भाग म्हणजे डायोड. बहुतेक १एन४००१ किंवा त्याचाच भाऊबंद. त्याला हात जोडा, त्याने तुमचे ट्रान्झिस्टर वाचवलेत. कसे ते पुढे सांगतो.

तुमच्या एका प्रश्नात दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेत आणि फुल्ल_गेन यांनी त्यांची गाठ आणखी घट्ट केली (राग नसावा). पहिला प्रश्न: अडॅप्टरच्या प्लगला मधल्या भोकात अधिक आहे की वजा? याचं उत्तर पेडलवर छापलेलं असतं. दुसरा प्रश्न: पेडलच्या आत ऑडिओचं ग्राउंड, म्हणजे धातूचा खोका आणि गिटार केबलची बाहेरची जाळी, हे पुरवठ्याच्या कोणत्या टोकाला बांधलंय? याचं उत्तर फार थोड्या पेडलांवर छापलेलं असतं, आणि भांडण तिथेच आहे.

ओव्हरड्राइव्ह, कोरस, डिले: तिन्हींत वजा टोक ग्राउंडला. पीएनपी ट्रान्झिस्टरच्या जुन्या पद्धतीच्या फझमध्ये अधिक टोक ग्राउंडला. याला पॉझिटिव्ह ग्राउंड म्हणतात. आता डेझी चेन म्हणजे एकाच अडॅप्टरची दोन टोकं पाच ठिकाणी वाटलेली, बाकी काही नाही. ओव्हरड्राइव्हने त्यातलं वजा टोक आपल्या खोक्याला बांधलं, फझने अधिक टोक आपल्या खोक्याला बांधलं. दोन खोके एकमेकांपासून दूर आहेत तोवर दोघंही सुखात. तुम्ही पॅच केबल जोडता तेव्हा तिची जाळी या खोक्यापासून त्या खोक्यापर्यंत जाते. म्हणजे अडॅप्टरचं अधिक आणि वजा तुम्ही एका जाड तारेने थेट जोडलंत. शुद्ध शॉर्ट सर्किट. टिक टिक म्हणजे अडॅप्टर दर क्षणी डोकं वर काढतो, शॉर्ट बघतो आणि परत झोपतो. चांगला अडॅप्टर आहे, जपा.

आता रिव्हर्सल केबल लावल्यावर काय झालं? ग्राउंडचं भांडण मिटलं, पण फझच्या सर्किटला वीज उलटी मिळाली. त्या माणसाने जॅकवर आडवा डायोड टाकून ठेवला होता. वीज सुलटी असताना तो गप्प बसतो. उलटी आली की स्वतः वाहू लागतो आणि व्होल्टेज एका व्होल्टच्या आसपास खाली ओढतो. त्यामुळे आतल्या ट्रान्झिस्टर-कपॅसिटरना उलटे ९ व्होल्ट मिळालेच नाहीत. त्या बदल्यात बिचारा स्वतः तापला. १एन४००१ एका अँपियरचा, तुमचा अडॅप्टर दोन अँपियरचा. अजून थोडा वेळ ठेवला असता तर डायोड जळून कायमचा शॉर्ट झाला असता.

थोडक्यात, प्लग सुलटा ठेवलात तर ग्राउंड भांडतं, उलटा केलात तर सर्किट. डेझी चेनवर या फझला जागा नाही.

फुल्ल_गेन

राग कसला. पण मग माझ्याकडे रिव्हर्सल केबलने चालतंय ते काय? माझ्या पेडलवर गोलाच्या मध्ये अधिक आहे.

डागडुजी

तुमचं पेडल सेंटर पॉझिटिव्ह आहे, पण ग्राउंड वजालाच आहे. तिथे रिव्हर्सल केबल हाच बरोबर उपाय. ती फक्त प्लगची आतबाहेर अदलाबदल करते. वजा टोक शेवटी ग्राउंडलाच पोचतं आणि बाकीच्यांशी जुळतं.

आणि "पीएनपी म्हणजे उलटं" हेही अर्धंच खरं. जर्मेनियममध्ये एनपीएनही असतात, सिलिकॉनमध्ये पीएनपीही असतात. पीएनपी ट्रान्झिस्टर वापरून सर्किट वजा ग्राउंडवरही बांधता येतं. ट्रान्झिस्टरचं नाव वाचून ग्राउंड ओळखायला जाऊ नका. मीटर लावा.

सहावी_तार

डागडुजी, साष्टांग नमस्कार. फझ काढून ठेवलाय. मीटर आहे घरात. कसं तपासायचं ते सांगता का? सवयीप्रमाणे उलटं करून बसेन.

डागडुजी

पॉवर काढलेली, बॅटरी काढलेली. मीटर बीपवर, म्हणजे कंटिन्युइटीवर. फझच्या इनपुटमध्ये एक गिटार केबल घाला (बऱ्याच पेडलांत केबल घातल्याशिवाय ग्राउंड पुरं होत नाही, म्हणून). त्या केबलच्या दुसऱ्या टोकाच्या प्लगचा लांब दांडा म्हणजे ग्राउंड. मीटरची एक पिन त्यावर धरा. दुसरी पिन पॉवरच्या जॅकमधल्या मधल्या काडीला लावा, मग आतल्या बाजूच्या पत्र्याला लावा.

नेहमीच्या सेंटर निगेटिव्ह पेडलमध्ये मधल्या काडीला बीप येईल, कारण काडी वजा आणि ग्राउंडही वजा. तुमच्या फझमध्ये बाजूच्या पत्र्याला बीप यायला हवा. आधी ओव्हरड्राइव्हवर करून बघा म्हणजे फरक कळेल.

सहावी_तार

केलं! ओव्हरड्राइव्ह: काडीला बीप. कोरस, डिले: काडीला बीप. फझ: काडी गप्प, पत्रा ओरडतोय. हाडाचा शिक्षक आहात.

मिंड

मस्त धागा. माझा एक बाळबोध प्रश्न. ही मधे वजाची पद्धत आली कुठून? घरातला राउटर, यामाहाचा कीबोर्ड, सगळीकडे मधे अधिक असतं. गिटारवाल्यांनीच वेगळी चूल का मांडली?

ओहमशांती

बॅटरीपायी, मिंडताई. पॉवर जॅकला तीन पाय असतात. एक मधल्या काडीचा, एक बाजूच्या पत्र्याचा आणि तिसरा त्या पत्र्याला टेकून बसलेला. प्लग आत गेला की पत्रा ढकलला जातो आणि तिसरा पाय सुटतो. अडॅप्टर लावला की बॅटरी आपोआप तुटावी, यासाठी ही सोय. पण ती आहे फक्त बाजूच्या पत्र्याला, काडीला नाही.

आता बॅटरीचं वजा टोक आधीच दुसऱ्या कामात गुंतलंय. पेडलचा इनपुट जॅक स्टिरिओ असतो, गिटारची केबल मोनो. बॅटरीचं वजा टोक जॅकच्या मधल्या कडीला बांधलेलं असतं आणि मोनो प्लग आत गेला की ती कडी ग्राउंडला मिळते. म्हणून केबल काढून ठेवली की बॅटरी वाचते. वजा असं गुंतलं की तिसऱ्या पायाने तोडायला उरतं बॅटरीचं अधिक टोक. अधिक तोडायचं तर पत्रा अधिक हवा. पत्रा अधिक, म्हणून काडी वजा. बस, एवढंच. एका स्विचची सोय पुढे रीत होऊन बसली. बॉस, आयबानेझ यांच्या पेडलांनी ती घराघरांत नेली.

याची एक गैरसोयही आहे. प्लगचं बाहेरचं धातूचं अंग अधिक असतं. डेझी चेनचं रिकामं तोंड लोंबत राहिलं आणि एखाद्या पेडलच्या खोक्याला घासलं, की शॉर्ट. रिकाम्या तोंडांना टेप गुंडाळा किंवा रबरी टोपी घाला. निम्म्या "बोर्ड मधेच बंद पडतो" तक्रारींचं मूळ इथे निघतं.

मिंड

अय्या, माझा लोंबतोच आहे एक. गुंडाळते आजच.

आणि माझं खरं दुखणं: माझ्याकडे कोर्गचा व्होल्का (छोटा सिंथ) आहे, ९ व्होल्ट, सेंटर पॉझिटिव्ह. तो पेडलांसोबत डेझी चेनवर घेऊ का? वर वाचून घाबरले.

ओहमशांती

व्होल्काचं ग्राउंड वजाला आहे. रिव्हर्सल केबल लावून पोलॅरिटीच्या बाबतीत चालेल, म्हणजे फुल्ल_गेन यांची केस. पण आत डिजिटल घड्याळ धावत असतं, डेझी चेनवर ती किणकिण ओव्हरड्राइव्हमध्ये शिरू शकते. मी असतो तर त्याला त्याचाच अडॅप्टर ठेवला असता.

तुमच्या यामाहाच्या अडॅप्टरबद्दल मात्र सावध. कीबोर्डांचे ते अडॅप्टर १२ व्होल्टचे, मधे अधिक. प्लग पेडलमध्ये अगदी फिट बसतो, हाच घोळ. "बसला म्हणजे चालेल" हा नियम इथे लागू नाही.

पाचवा_फ्रेट

पण अँपियरचं काय? माझा डिले ३०० मिलीअँपियर मागतो. अडॅप्टर २ अँपियरचा. जास्त करंट जाऊन जळणार नाही?

डागडुजी

नाही. व्होल्टेज अडॅप्टर ठरवतो, करंट पेडल ठरवतं. टाकी हजार लिटरची असली तरी तुम्ही तांब्याभरच घेता. अडॅप्टरचा आकडा पेडलाच्या मागणीपेक्षा मोठा हवा, बस. सगळ्या पेडलांची मागणी एकत्र मिळवा आणि वर थोडी जागा सोडा. साधा ओव्हरड्राइव्ह पाच-दहा मिलीअँपियरवर भागतो, डिजिटल पेडलं शंभरीच्या पुढे.

शॉर्ट झाल्यावर मात्र मोठी टाकी महागात पडते. सहावी_तार यांच्या डायोडला विचारा.

सहावी_तार

आता मुद्द्यावर येतो. फझ बोर्डावर हवाच आहे. पर्याय काय?

डागडुजी

सर्वांत सोपा: बॅटरी. चेष्टा करत नाही. दोन जर्मेनियम ट्रान्झिस्टरचा फझ एका मिलीअँपियरच्या आसपास खातो. वाजवून झाल्यावर इनपुटची केबल काढायची सवय ठेवलीत तर ९ व्होल्टची बॅटरी कित्येक महिने जाते. बॅटरी कुणाशीच जोडलेली नसल्यामुळे ग्राउंड कुठे बांधलंय याने काही फरक पडत नाही. १९६६ मध्ये आर्बिटरने फझ फेस काढला तेव्हा त्याला अडॅप्टरचा जॅकच नव्हता. त्या काळी हाताशी होते जर्मेनियम पीएनपी, त्यांच्यासाठी अधिक ग्राउंड हीच सरळ रचना, आणि प्रत्येक पेडल आपापल्या बॅटरीवर. भांडायला दुसरा कुणी नव्हताच. पुढे फझ फेसमध्ये बीसी१०८ हे सिलिकॉन एनपीएन आले आणि ग्राउंड वजाला गेलं. म्हणजे एकाच नावाची दोन पेडलं, दोन वेगळी ग्राउंडं.

तुमच्या फझमध्ये एलईडी आहे, तो मात्र ट्रान्झिस्टरांपेक्षा जास्त खाईल. काही मिलीअँपियर धरा.

दुसरा: फझला स्वतंत्र अडॅप्टर. त्यावर दुसरं काहीही लावायचं नाही. तोही रेग्युलेटेड, म्हणजे व्होल्टेज स्थिर ठेवणारा, घ्या. जुने जड, ट्रान्सफॉर्मरवाले स्वस्त अडॅप्टर ९ लिहून फारसा भार नसताना १२-१३ व्होल्ट सोडतात आणि गुंगूंही करतात.

तिसरा: खरोखर आयसोलेटेड, म्हणजे प्रत्येक आउटपुट वेगळं असलेला, पॉवर सप्लाय. व्हूडू लॅबच्या पेडल पॉवर २ प्लससारख्यांत ट्रान्सफॉर्मरवर प्रत्येक आउटपुटची वेगळी वेटोळी असतात. आठ आउटपुट म्हणजे जणू आठ वेगळ्या बॅटऱ्या. त्यातल्या एकावर फझ निर्धास्त बसतो.

चौथा: फझच्या आत छोटा चार्ज पंप बसवून ९ चे उणे ९ व्होल्ट करायचे. हाताला सोल्डरिंगची सवय असेल तरच.

जुना_सोल्डर

चौथ्यावर माझे चार शब्द, कारण यात हात पोळून घेतलाय.

चार्ज पंप म्हणजे एक आठ पायांची आयसी आणि दोन-तीन कपॅसिटर. ती कपॅसिटर भरते, उलटा करते, रिकामा करते, पुन्हा भरते. हे सेकंदाला हजारो वेळा. आयसीएल७६६० मुळात दहा किलोहर्ट्झच्या आसपास चालते, म्हणजे थेट कानाच्या टप्प्यात. फझची गेन (सिग्नल वाढवण्याची ताकद) इतकी की ती बारीक शिट्टी फुगून बाहेर येते. मॅक्स१०४४ आणि टीसी१०४४एसमध्ये पहिला पाय अधिक व्होल्टेजला बांधला की वेग वाढून शिट्टी कानापलीकडे जाते. पण एलटी१०५४ मध्ये पहिल्या पायाचं काम निराळं आहे, तिथे तीच तार ओढू नका. ती आयसी मुळातच पंचवीस किलोहर्ट्झच्या आसपास धावते.

दुसरं, आयसीएल७६६० आणि मॅक्स१०४४ यांची मर्यादा दहा व्होल्टच्या आसपास. डागडुजींनी सांगितलेला तो "९ लिहून १३ देणारा" अडॅप्टर लावलात की आयसी धूर. माझ्या दोन गेल्या तेव्हा अक्कल आली. टीसी१०४४एस बाराला चालते, एलटी१०५४ पंधराला.

आणखी एक आडवाट: सर्किट तेच ठेवून ग्राउंडच वजाला हलवायचं, म्हणजे ट्रान्झिस्टरचा एमिटर नावाचा पाय अधिककडे. कागदावर अगदी बरोबर. प्रत्यक्षात काही फझ यानंतर भकभक, फटफटीसारखा आवाज काढायला लागतात, कारण सिग्नलचा ग्राउंडपर्यंतचा रस्ता आता पुरवठ्यातून जातो. पॉवरवर शंभर मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाकला की बऱ्याचदा शांत होतात. बऱ्याचदा. नेहमी नाही.

गुणगुण

अवांतर, पण याच खोक्यातलं आहे. माझ्याकडे जुना बॉस कोरस आहे, त्यावर एसीए लिहिलंय. हल्लीच्या ९ व्होल्टवर एकटा लावला तर दिवा मिणमिणतो. डेझी चेनवर दुसऱ्या पेडलाला पॅच केबल जोडली की लख्ख लागतो! सहावी_तार यांच्या बरोबर उलटं. भुताटकी आहे का?

डागडुजी

वा! या धाग्याला हेच उदाहरण हवं होतं.

एसीए लिहिलेली बॉसची पेडलं त्या काळच्या १२ व्होल्टच्या, अनरेग्युलेटेड अडॅप्टरसाठी बनवलेली. जादा व्होल्टेज खाली आणायला आत, वजाच्या वाटेवर, एक रेझिस्टर आणि डायोड बसवलाय. आजचे सरळ ९ व्होल्ट दिले की त्यातलेही काही तिथेच खर्ची पडतात, म्हणून दिवा मंद. आता शेजारी नवीन पेडल त्याच डेझी चेनवर असेल, तर त्याचं ग्राउंड अडॅप्टरच्या वजाला थेट जोडलेलं आहे. पॅच केबल जोडलीत की जुन्या कोरसला तिच्या जाळीतून वजाकडे आडवाट मिळते, रेझिस्टर आणि डायोड बाजूला राहतात. पूर्ण ९ व्होल्ट.

सहावी_तार यांचा बोर्ड ज्या जाळीने झोपवला, त्याच जाळीने तुमचा कोरस जागा केला. एकटाच वापरायचा असेल तर मात्र १२ व्होल्टचा योग्य अडॅप्टर लागेल. तो अडॅप्टर चुकूनही दुसऱ्या पेडलांना वाटू नका.

फुल्ल_गेन

हे भारी आहे. मी आता रिव्हर्सल केबलचा सल्ला देण्याआधी तीनदा विचार करेन. दोनदा तरी.

एसी-डीसीबद्दलही कुणी बोला की. माझ्या मित्राने व्हॅमी (सूर वर-खाली करणारं पेडल) घेतलाय, जुना चौथा. अडॅप्टर मिळाला नाही म्हणून माझा मागतोय.

ओहमशांती

देऊ नका, चालणार नाही. व्हॅमी ४ ला ९ व्होल्ट एसी लागतं. तिथे पोलॅरिटीचा प्रश्नच येत नाही, सेकंदाला शंभर-एकशेवीस वेळा ती स्वतःच उलटत असते. व्हॅमी ५ ला ९ व्होल्ट डीसी, मधे वजा. दोघंही लाल, दोघांना ९. आणि खरी भीती उलट्या बाजूने आहे: त्याचा एसी अडॅप्टर उद्या सापडला आणि गडबडीत तुमच्या ओव्हरड्राइव्हला लागला, तर ते पेडल गेलं समजा. अडॅप्टरवर आउटपुटच्या ओळीत नागमोडी रेघ असेल तर एसी. सरळ रेघ आणि खाली तुटक रेघ म्हणजे डीसी. इनपुटच्या ओळीत नागमोडी रेघ सगळ्यांवरच असते, ती बघून फसू नका.

जुना_सोल्डर

आणि अडॅप्टरवरचं लिखाण पुसलं गेलं असेल तर: मीटर डीसी २० व्होल्टवर, लाल पिन प्लगच्या भोकात, काळी बाहेरच्या अंगाला. आकड्याआधी उणे आलं तर सेंटर निगेटिव्ह, म्हणजे पेडलाचा. उणे नाही आलं तर सेंटर पॉझिटिव्ह. एकच पिन आत आणि बाहेर एकदम टेकवू नका.

सहावी_तार

हालहवाल सांगायला आलो. फझ बॅटरीवर टाकला. फझमधून ओव्हरड्राइव्ह, तिथून कोरस, तिथून डिले, सगळं जोडलेलं, सगळे दिवे चालू. तासभर वाजवलं. काहीही बंद पडलं नाही. डायोड काढून मीटरने तपासला, धडधाकट निघाला. एका दिशेने ०.६, उलट दिशेने काही नाही. तरी नवीन टाकला, चटका विसरता येत नाही.

पाचवा_फ्रेट

जवळजवळ तीन महिन्यांनी धागा वर काढतोय. हे सगळं वाचून मीही एक जर्मेनियम फझ घेतला, पॉझिटिव्ह ग्राउंड, मीटरने खात्री केली. माझ्याकडे सहा आउटपुटचा पॉवर ब्रिक (अनेक पेडलांना वीज देणारा खोका) आहे, खोक्यावर "आयसोलेटेड" ठळक छापलंय. फझ एका आउटपुटवर, बाकी दुसऱ्यांवर. पॅच केबल जोडली आणि फझ बंद, बाकीची पेडलं चालू. हा काय प्रकार?

डागडुजी

ब्रिक भिंतीतून काढा. सगळ्या आउटपुट केबली मोकळ्या करा. मीटर बीपवर. एका आउटपुटच्या प्लगच्या मधल्या भोकात एक पिन, दुसऱ्याच्या मधल्या भोकात दुसरी. बीप आला का?

पाचवा_फ्रेट

आला. सहाच्या सहा एकमेकांशी बीप देतात.

डागडुजी

मग आत एकच पुरवठा आहे, सहांचं वजा सामाईक. प्रत्येक आउटपुटला वेगळं शॉर्टपासूनचं संरक्षण दिलंय, आणि तेवढ्यावरच "आयसोलेटेड" छापून मोकळे झाले. म्हणून तुमचा अख्खा बोर्ड न जाता एकटा फझ गेला. ही डेझी चेनच आहे, जरा शिकलेली. खऱ्या आयसोलेटेडमध्ये एकाचं भोक दुसऱ्याच्या भोकाशी बोलता कामा नये. घेण्याआधी ही तपासणी करू दिली तर बघा. काही ब्रिकमध्ये दोन-दोन आउटपुटची जोडी सामाईक असते आणि जोड्या एकमेकींपासून वेगळ्या, म्हणून सगळ्या जोड्या फिरून बघायच्या.

मिंड

म्हणजे दोन आउटपुट एकामागे एक जोडून १८ व्होल्ट करायची ती दुहेरी केबल मिळते, तीही अशा ब्रिकवर चालणार नाही, बरोबर?

ओहमशांती

अगदी बरोबर. एकाचं अधिक दुसऱ्याच्या वजाला जोडायचं, पण वजा आतून आधीच एक आहेत. म्हणजे पहिल्याचा सरळ शॉर्ट. ती केबल फक्त खऱ्या आयसोलेटेडवर.

पाचवा_फ्रेट

कळलं. ब्रिक राहू दे बाकीच्यांना. फझला बॅटरी.

सहावी_तार

या क्लबात स्वागत. माझ्या फझच्या पॉवर जॅकवर टेप चिकटवून वर मार्करने लिहून ठेवलंय: "अधिक ग्राउंड. इथे काही घालू नये." परवा बॅटरी संपली की काय म्हणून घाबरलो होतो. गिटारचा आवाज वाढवायचा राहिला होता.